परब काकांचा पडवळ

आमच्या बी विंगच्या जिन्यात रोज संध्याकाळी पाण्याचे थेंब सांडलेले असायचे. पहिल्या मजल्यापर्यंत एखाद-दुसरा, दुसऱ्यानंतर जरा जास्त, आणि तिसऱ्याच्या वळणावर चक्क छोटं तळं. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी आधी प्लंबर बोलावला. त्याने पाइप पाहिले, टाकी पाहिली, चहा घेतला आणि "लीकेज नाही" असं सांगून गेला. मग मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. वहीत वार, वेळ आणि मजला असे तीन रकाने आखले आणि चौथ्या दिवशी साडेचार वाजता जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिले.

खालून परब काका येत होते. डाव्या हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला, उजव्या खांद्यावर भली मोठी काळी पिशवी. नजर पेल्यावर, ओठ घट्ट मिटलेले.

"काका, हे काय?"

पेला हिंदकळला. दोन थेंब पायरीवर पडले. काकांनी तो कठड्यावर टेकवला, श्वास सोडला आणि माझ्याकडे दुःखाने पाहिलं.

"बोललंस कित्याक? आज एकसुद्धा सांडला नव्हता."

"गच्चीवर प्यायला पाणी हवं तर बाटली न्या ना."

"पिऊक नाय गो बाय. हातासाठी. तीन मजले, एक थेंब नाय. ता जमला की मगच कॅमेरो हातात घ्यायचो. नायतर परत खाली."

वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस रोज असे किती वेळा खाली जातो, हे मी विचारलं नाही. वहीत 'उगम सापडला' असं लिहिलं आणि जिन्याच्या वळणावर एक पायपुसणं टाकून दिलं.

चंद्रकांत परब, ए विंग, तिसरा मजला. उंची बेताची, डोक्यावर पांढरी टोपी, आणि खिशात रुमालाशेजारी काच पुसायचं एक वेगळं मऊ फडकं. त्या फडक्याने त्यांनी कधी चष्मासुद्धा पुसलेला नाही. मूळ गाव कुडाळकडचं. वडील गिरणीत होते. काका मात्र छापखान्यात लागले आणि रंगीत छपाईच्या मशीनसमोर सगळी नोकरी काढली. रंगीत चित्र छापताना चार रंग एकावर एक नेमके बसावे लागतात. एखादा केसभर सरकला की चित्रातल्या माणसाला दोन नाकं दिसतात. छापखान्यात त्याला 'रजिस्टर सुटलं' म्हणायचे. काका निवृत्त झाले, हा शब्द झाला नाही. आमटीत मीठ कमी पडलं, रजिस्टर सुटलं. आरतीत टाळ पुढे धावले, रजिस्टर सुटलं. शेजारच्या इमारतीतलं एक लग्न वर्षभरात मोडलं तेव्हा सगळे कारणं शोधत बसले होते. काका एवढंच म्हणाले, "रिसेप्शनाकच माका दिसला होता."

कॅमेरा त्यांच्याकडे आधीपासून होता. दोन वर्षांपूर्वी त्यावर ही लेन्स आली. दीडशे ते सहाशेची झूम. गोल फिरवली की आतून नळी सरकत बाहेर येते आणि लेन्स हातभर लांब होते. सोसायटीतली मुलं तिला तोफ म्हणतात. ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचे पाटकर भोंगा म्हणतात. काकांच्या पत्नी, परब काकी, तिला पडवळ म्हणतात, आणि तेच नाव टिकलं. "पडवळ इलो काय गच्चीवरून?" "त्या पडवळाक उन्हात ठेवू नका, सुकतलो." काका यावर हसत नाहीत. त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाचं टोपडं शिवून पडवळाला घातलं आहे, हनुवटीखाली बांधायच्या नाडीसकट.

पडवळाची एक अडचण होती. त्याला जवळचं दिसत नसे. समोरची वस्तू नऊ-दहा फुटांच्या आत आली की सगळं धूसर. आमच्याकडचे हॉलही तेवढेच लांब. त्यामुळे घरातल्या कशाचाही फोटो काढायचा तर काकांना दार उघडून बाहेर जिन्यात यावं लागे. एकदा समोरच्या बाईंनी दार उघडलं, तर काका डोळ्याला कॅमेरा लावून पाठमोरे त्यांच्या घरात शिरत होते. "आणखी दोन फूट फक्त," काका म्हणाले. बाईंनी निमूट सोफा सरकवून दिला.

एवढं सगळं कशासाठी, हे मला पहिल्यांदा कळलं ते गोराईच्या बोटीत. सोसायटीच्या बायकांची सहल मी काढली होती. काका आपणहून 'फोटोग्राफर' म्हणून यादीत आले. खाडीत पोचताच एका खांबावर बगळा दिसला. बोट डुलत होती, इंजिन धडधडत होतं, आणि काका पाय फाकवून, कोपरं बरगड्यांत रुतवून, पडवळ डोळ्याला लावून उभे.

"अर्धो श्वास सोडायचो, अर्धो ठेवायचो," ते स्वतःशीच म्हणत होते. मग माझ्याकडे वळले. "घे. बघ."

मी डोळा लावला आणि घाबरले. बगळा, खांब, पलीकडची तिवरं, सगळं उड्या मारत होतं. एवढ्या लांबचं जवळ आणलं की हाताचा बारीकसा धक्काही डोंगराएवढा होतो.

"आता बटन अर्धाच दाब. पुरता नको."

मी अर्धं दाबलं. लेन्सच्या पोटात काहीतरी घुरघुरलं, आणि समोरचं चित्र हळूच, बोट धक्क्याला लागावी तसं, स्थिर झालं. बगळ्याच्या मानेवरचं पीस न् पीस दिसलं.

"काका, हे झकास आहे."

"आत एक भिंग तरंगता. आपलो हात डावीकडे गेलो की ता उजवीकडे जाता. आपण हललो ता कोणाक कळूकच देणा नाय." त्यांनी लेन्सच्या कडेचा छोटा खटका दाखवला, तो सुरू-बंद करायचा. मग जरा थांबून म्हणाले, "पण ता फक्त आपलो हात सांभाळता. समोरच्याचो नाय."

बगळा तेवढ्यात उडाला. त्याच्याबद्दलच ते बोलत असावेत असं मला वाटलं.

या खटक्यामुळे एकदा त्यांची फजितीही झाली. झेंडावंदनाच्या दिवशी त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर, घट्ट बसवला आणि खटका बंद करायला विसरले. सगळे फोटो किंचित पुसट आले. अध्यक्षांना मिशी दोनदा आली. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर काकांच्या हस्ताक्षरात माफीपत्र लागलं. मी विचारलं, की तिकाटण्यावर तर हात हलायचा प्रश्नच नाही, मग बिघडलं कुठे?

"तिथेच. थरथर नाय म्हणून ता शोधूक गेला, आणि शोधता शोधता आपणच हलला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आपल्या पाटकरांचा तसाच आसा."

पाटकरांवर हा जरा अन्यायच होता. कारण पुढच्याच महिन्यात पाटकर माझ्याकडे जी तक्रार घेऊन आले, ती अगदी रास्त होती.

"मॅडम, मी सरळ बोलतो," ते म्हणाले. त्यांचं प्रत्येक बोलणं असंच सुरू होतं. "परब काकांना बी विंगच्या गच्चीची चावी तुम्ही दिली. का?"

"पक्ष्यांसाठी. त्या गच्चीवरून खाडी दिसते."

"खाडी कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेला."

पाटकरांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांनी त्यांच्या गॅलरीतून काढलेला फोटो होता. आमच्या गच्चीचा कठडा, त्यावर टेकलेली दोन कोपरं, पांढरी टोपी, आणि सरळ कॅमेऱ्यात बघणारा पडवळ.

"मी पूर्वेला राहतो," पाटकर म्हणाले.

मी फोटो दोनदा पाहिला. दोन्ही विंग समोरासमोर आहेत. खाडी काकांच्या पाठीशी होती आणि पडवळ ए विंगच्या गॅलऱ्यांवर रोखलेला होता.

"रोज पाच वाजता. पंधरा दिवस बघतोय. माझी मुलगी कॉलेजमधून येते, गॅलरीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढते. काका चांगले आहेत, मला मान्य आहे. पण उद्या दुसरा कोणी असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"चावी काढून घेतली असती."

"मग?"

"रविवारी मीटिंग आहे. विषय घेते." मी वहीत लिहून घेतलं. पाटकर गेल्यावर मात्र बराच वेळ पेन हातातच राहिलं. काकांवर माझा शंभर टक्के विश्वास होता. पण विश्वास हा मीटिंगमध्ये मांडायचा पुरावा नाही, हे मला नोकरीत औषधांचं भांडार सांभाळून नीट कळलेलं आहे.

त्याच दिवशी पाच वाजता मी गच्चीवर गेले. काका कठड्याला टेकून होते. पडवळ पूर्वेला.

"काका, कुठला पक्षी?"

ते दचकले. "चिमणी."

"ए विंगमध्ये?"

"असता कधीकधी."

"काका, पाटकरांची तक्रार आली आहे. रविवारी ते चावी परत मागणार, आणि त्यांचं म्हणणं मला पटलंय. कॅमेऱ्यात काय आहे ते मला दाखवा. सेक्रेटरी म्हणून बघणार आहे."

काका टाकीच्या ओट्यावर जाऊन बसले. टोपी काढली, परत घातली. मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि खाडीकडे तोंड करून बसले.

मी एकेक फोटो पुढे सरकवत गेले. परब काकी. परब काकी शेंगा निवडताना. काकी तुळशीला पाणी घालताना, काकी नुसत्या बसलेल्या. दोनशे मोजले आणि मोजणं सोडून दिलं. पाटकरांची गॅलरी कुठेही नव्हती. प्रत्येक फोटोत काकींचा चेहरा, पातळाची किनार, मागच्या भिंतीचा पोपडा लख्ख दिसत होता, आणि जिथे हात असायला हवे तिथे बहुतेक ठिकाणी धूर.

काकींना कंपवात आहे. चार वर्षं झाली असतील. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग दोन्ही हात. त्या सोसायटीच्या कार्यक्रमांना येईनाशा झाल्या होत्या, आणि आल्या तरी हात पदराखाली.

"आधार कार्डासाठी फोटो काढूक गेलो होतो दोघा," काका खाडीकडेच बघत म्हणाले. "फोटोवालो तिका म्हणता, आजी, हलू नका. तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा जरा ओरडान. घरी येऊन ती म्हणाली, आता माझो फोटो कोणी काढूचो नाय. तुमीसुद्धा."

"आणि मग लेन्स?"

"दुकानात गेलंय. म्हटलं, थरथर घालवणारी लेन्स दाखव. त्यान माझ्या हाताकडे बघितल्यान आणि म्हणालो, अंकल, ये लो, इसमें स्टॅबिलायझेशन है, कुछ नहीं हिलेगा. माका वाटला, झाला काम. घरी येऊन जिन्यातून पहिलो फोटो काढलंय. भिंतीवरचो खिळो दिसता, कॅलेंडरातली तिथी वाचता येता. तुझ्या काकीचो, शालूचो हात..." त्यांनी आपला हात हवेत हलवून दाखवला. "माझी थरथर जाणारी लेन्स दिल्यान त्यान. माका तिची घालवूची होती. आख्खो जन्म मशीनवर काढलंय आणि ह्या साधा माका कळला नाय."

मी छापखान्यातली नव्हते, पण फोटोतलं थोडंफार मलाही कळतं. "मग शटरचा स्पीड वाढवायचा ना. सेकंदाच्या हजाराव्या भागात काढला तर धावता घोडापण थांबतो."

"काढलंय. बघ, तिसावो फोटो."

मी मागे जाऊन पाहिला. हात स्पष्ट होता. बोटं आखडलेली, अंगठा तर्जनीवर दाबलेला, मनगट ताणलेलं.

"हात दिसता," काका म्हणाले, "पण तिचो नाय. दुखण्याचो. तसो फोटो माका नको."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते डॉक्टरनेही त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते सहाशेच्या लेन्समधून महिनोन् महिने बघून शोधलं होतं. काकींचा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो. पण त्या काही घ्यायला हात पुढे करतात, तेव्हा तो वाटेत क्षणभर थांबतो. चिमटा काढायला दोरीकडे जाताना, तुळशीचं पान खुडायला वाकताना. एक-दोन सेकंद. परत मांडीवर आला की सुरू.

"ता दोन सेकंद माका पायजेत. आणि मी स्पीड वाढवचंय नाय. मुद्दाम सावकाश काढतंय, सेकंदाच्या तिसाव्या भागात. हात हललो तर धूर दिसूचो. नाय दिसलो, म्हणजे खरोखर थांबलो होतो. फसवणूक नाय." ते माझ्याकडे वळले. "पण एवढ्या सावकाश काढताना माझो हात हलता नये. म्हणून तो पेलो."

"समोर बसून का नाही काढत?"

"कोण बघता म्हटल्यावर थरथर वाढता तिची. आणि तिका कळला तर उठान जातली." मग अगदी साध्या आवाजात, "बाय, चावी घे हवी तर. पण पाच-सहा महिने थांब. मागच्या वर्षी ता तीन सेकंद होता."

मी कॅमेरा परत दिला. काकींना सांगणार नाही, असं वचनही दिलं. पण खाली येताना ते मला बोचत होतं. ज्यांचा फोटो काढायचा त्यांची परवानगी हवी, मग काढणारा नवरा का असेना. आणि काकींनी तर स्पष्ट नाही म्हटलेलं.

दुसऱ्या दिवशी टाकी धुण्याची सूचना घेऊन मी परबांकडे गेले. काका बाजारात गेले होते. काकी खुर्चीत बसून होत्या, हात पदराखाली. मी टाकीबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, परत टाकीबद्दल बोलले.

"मंदा," काकी म्हणाल्या, "पडवळाचा विचारूक इलंस ना?"

मी सूचनेचा कागद टेबलावर ठेवला.

"माका दिसत नाय असा वाटता ह्यांका. अठ्ठेचाळीस वर्षं बघतंय त्यांका. टाकीमागे बसले तरी टोपी दिसता, मेली पांढरीफेक."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासना."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत? तुम्हाला फोटो नको होता ना?"

काकींनी दोरीवरच्या टॉवेलाकडे पाहिलं. "समोर इले असते तर उठान गेले असतंय. पण ते एवढ्या लांब जाऊन बसतत, तीन मजले चढान. माका कधी म्हणाले नाय की हात धर, हलू नको. मगे मी पण बसतंय." त्या हसल्या. "रोज साडेचारांक मी पातळ बदलतंय. काल रात्री म्हणतत, आजकाल संध्याकाळचा ऊन काय छान पडता गो तुझ्या तोंडार. म्हटलं, पडता खरा."

माझ्याजवळ वही होती. मी म्हटलं, "काकी, मला हे लेखी लागेल. वापरणार नाही. माझ्या फाइलला असू दे." त्यांनी कागद मांडीवर घेतला. 'माझे फोटो काढण्यास माझी हरकत नाही' एवढं लिहायला बराच वेळ लागला. अक्षरं ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत गेली. सही करून त्यांनी कागद दिला आणि म्हणाल्या, "ह्यांका सांगू नको हां. कळला तर लाजून गच्चीवर जाऊचे नाय."

आता माझ्याकडे दोन वचनं झाली होती आणि दोन्ही एकाच गोष्टीची. वहीत कुठे लिहावं तेही कळेना.

मीटिंगची वाट न बघता शनिवारी पाच वाजता मी पाटकरांना गच्चीवर घेऊन गेले. बरोबर मोजपट्टी आणि तेलरंगाचा डबा. काका आधीच तिथे होते, परीक्षेला बसल्यासारखे. माझा हिशेब साधा होता. कठड्याला टेकलं की ए विंगचे सगळे मजले दिसतात. कठड्यापासून मागे सरकलं की खालचे मजले कठड्याआड जातात. मी पाटकरांना स्टुलावर बसवलं आणि अर्धा अर्धा फूट मागे सरकवत नेलं. तीन फुटांवर त्यांची गॅलरी दिसेनाशी झाली आणि वरची, तिसऱ्या मजल्याची, तेवढी उरली. तिथे मी लाल रेघ मारली.

"आता लेन्समधून बघा," मी म्हटलं.

पाटकरांनी पडवळ डोळ्याला लावला. तो इकडेतिकडे झुलला. "अर्धाच दाबा," काका कुजबुजले. पाटकरांनी अर्धं दाबलं, आणि झुलणं थांबलं.

"काकी आहेत," ते म्हणाले.

"हां," काका म्हणाले.

"रोज काकीच?"

"मगे कोण?"

पाटकरांनी पडवळ खाली घेतला. "काका, आधी सांगायचं ना यार."

"तुमका सांगितला असता तर अख्ख्या ए विंगेक कळला असता. तिकापण."

पाटकर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "मी सरळ बोलतो. रेघेच्या पुढे नाही. आणि पाच ते सहा, बस. बाकी मी कोणाला बोलणार नाही." जाताना दारातून वळून म्हणाले, "जड आहे हो फार. हात दुखत नाहीत?"

काकांनी मान हलवली, पण चिंता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. आतापर्यंत कोपरांना कठड्याचा आधार होता. रेघेमागे काहीच नव्हतं. दोन-अडीच किलो वजन नुसत्या हातावर, आणि तेही सेकंदाच्या तिसाव्या भागात. स्टुलावर तिकाटणं मावत नव्हतं आणि उभं केलं तर ते कठड्यावरून डोकावून काकींना दिसेल म्हणून काकांनी ते नाकारलं. रविवारच्या इतिवृत्तात मी लिहिलं: 'गच्चीवर रेघ मारण्यात आली. विषय संपला.'

त्यानंतर दीड महिना काकांनी जवळजवळ सगळे फोटो वाया घालवले. जिन्यात भेटले की नुसती मान हलवायचे. पाटकर एकदा मला म्हणाले, "त्यांना सांगा, हवं तर अर्धा फूट पुढे बसू देत." मी निरोप दिला. काका म्हणाले, "रेघ म्हणजे रेघ."

आणि मग एका मंगळवारी, सहाच्या सुमारास, माझ्या दारावर तीन वेळा बेल वाजली. काका दारात. टोपी तिरकी. कॅमेरा दोन्ही हातांत पुढे धरलेला.

फोटोत काकी दोरीवरचा चिमटा काढायला हात वर करत होत्या. ओठ जरा उघडे, नजर चिमट्यावर. आणि हात तिथेच होता. पाचही बोटं मोकळी, हिरव्या बांगड्या मनगटावरून खाली सरकलेल्या, नखाजवळचा भाजल्याचा जुना डाग. काहीही आखडलेलं नव्हतं. चिमटा काढणाऱ्या एका बाईचा हात.

"सेकंदाचो तिसावो," काका म्हणाले. "कठड्याशिवाय."

त्यांनी त्याची मोठी प्रत करून आणली, काच लावून. आणि मग लक्षात आलं की लावणार कुठे. घरी लावली तर काकींना कळणार. काकांनी ती सोसायटीच्या ऑफिसात, माझ्या टेबलाच्या मागे लावायची परवानगी मागितली. "ती खाली येणा नाय. तीन मजले तिका झेपणत नाय."

चौथ्या दिवशी काकींचा फोन आला. "मंदा, काहीतरी झाला. हे चार दिवस शीळ घालतत. फोटो इलो काय?"

"आला."

"कसो इलो?"

मी सांगायला लागले. चिमटा, बांगड्या, डाग. सांगता सांगता मलाच ते अपुरं वाटलं. बुधवारी काका सकाळी गोराईला गेले आणि मी काकींना आणायला वर गेले. तीन मजले उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा बसलो. ऑफिसात मी दिवा लावला आणि खुर्ची भिंतीसमोर ठेवली.

काकी बसल्या नाहीत. उभ्या राहूनच बघत होत्या. त्यांचा हात पदराखालून बाहेर आला आणि काचेवर टेकला, फोटोतल्या हाताच्या शेजारी. काच बारीक वाजत राहिली. मी खिडकी उघडायला गेले, काही गरज नसताना.

"ह्यांका काय पण कळणा नाय," मागून काकींचा आवाज आला. "एवढो चांगलो फोटो, आणि मागे ती फरशी पुसूची बादली. निळी, तुटक्या कडीची. काय शोभा."

"मी नीट पाहिलीच नव्हती."

"मी पाहिली." त्यांनी पदराने काच पुसली, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता काका गच्चीवरून उतरताना माझ्या दाराशी थांबले. चेहरा लहान मुलासारखा.

"बाय, आज नशीब बघ. ती निळी बादली नाय गॅलरीत. मागची भिंत एकदम साफ. कामवालीन हलवली असात."

"हो," मी म्हटलं. "तिनेच हलवली असणार."